फुलीबाईचं देवाशी भांडण

शुक्रवारची प्रार्थना जवळ आली की फुलीबाईच्या कपाळाला आठ्या पडायच्या. प्रार्थनेचं तिला काही नव्हतं, साक्ष नकोशी व्हायची. गाणी संपली की पास्टर उमाकांत म्हणायचे, "देवानं या आठवड्यात काय केलं, सांगा." मग एकेक जण उठायचं. जमनाबाईची हरवलेली शेळी सापडली, रंजिताच्या पोराचा ताप उतरला. फुलीबाई खाली मान घालून चटईची काडी उपटत बसायची. शेळी शोधायला देवाला वेळ आहे, माझ्या भावासाठी नाही, असं तिच्या मनात यायचं. आता येतं ते येतं, त्याला कोण काय करणार?

भाऊ म्हणजे थोरला धुडकू. त्याच पाड्यात, विहिरीपलीकडे राहायचा. आई गेल्यावर त्यानंच फुलीला वाढवलं, तिचं लग्न लावलं. तिनं बाप्तिस्मा घेतला तेव्हाही तो काही बोलला नाही. पण पुढच्या नवाईला, म्हणजे नवं पीक आधी देवापुढे ठेवून मग खायच्या सणाला, ती त्याच्याकडे गेलीच नाही. देवापुढचं खायचं नाही हे तिनं मनाशी ठरवलं होतं. ते भावाला जाऊन सांगायचं मात्र तिला सुचलं नाही. धुडकू ताट वाढून दिवस कलेपर्यंत वाट बघत बसला. तेव्हापासून चार वर्षं बोलणं बंद. समोर आली की तो तोंड फिरवायचा.

"देवा, त्याचं मन बदल," ती रोज मागायची. उपास केले, गुडघे दुखेस्तोवर बसली. पास्टर म्हणायचे, "विश्वास ठेव, बाई." ठेवला की! अजून किती ठेवायचा माणसानं?

यंदा मक्यात दाणा भरला आणि तिला वाटलं, भावाला कणसं द्यावीत हे देवानंच सुचवलं. तिनं कोवळी कणसं टोपलीत भरली, धुडकूच्या ओट्यावर ठेवली आणि कुणी बघायच्या आत घरी परतली. पाड्याची नवाई अजून व्हायची होती. नवाईआधी नवं पीक घरात घेत नाहीत, हे तिनं लहानपणापासून पाळलेलं, आणि चार वर्षांत सपशेल विसरली! संध्याकाळी टोपली जशीच्या तशी तिच्या अंगणात येऊन पडली. फुलीनं भावाला मुद्दाम हिणवलं, असा पाडाभर बोभाटा झाला.

त्या दिवशी तिची प्रार्थना ऐकायला पास्टर असते तर कानावर हात ठेवले असते.

"तू बी बोलस नही, तो बी बोलस नही!" ती चुलीपुढे बसून ओरडली. "मंग मी कोनसंगे बोलू? आज तुले काहीच मांगाव नही मी!"

खरंच काही मागितलं नाही. बराच वेळ नुसती धुसफुसत बसली. मग एकाएकी तिला वाटलं, देवाशी एवढं भांडता येतं तर भावाशी का येऊ नये? पदर खोचून ती तरातरा निघाली. जाताना देवाला एवढंच पुटपुटली, "चाल मन्हासंगे, मी एकली जाव नही."

धुडकू ओट्यावर बाज विणत होता. त्याची बायको तुळशीबाई झाडता झाडता थबकली.

"दादा, कणसं मी चुकीसन ठेवात," फुलीबाई अंगणातूनच म्हणाली. "नवाई मी इसरी गई. देवपुढलं ताट माले चालत नही, पन तू मन्हा भाऊ शे. आते बोल, नहीतर मार!"

धुडकूनं हातातली दोरी खाली ठेवली. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा रागानं लाल झाला होता आणि डोळे भरले होते.

"हाई सांगाले तुले चार वरीस लागनात? मी काय तुन्हा देव शे का, डोयाले न दखाणारा? विहीरना पलीकडेच तं व्हतू मी!"

फुलीबाई तिथंच अंगणात बसली आणि स्वतःवरच चिडून रडायला लागली.