संगणकात राहिलेली सायकल

लाइनमनना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गल्लीतले टेलिफोनचे खांबही गेले, पण लोक त्यांना लाइनमनच म्हणत. तरुणपणी ते कमरेला पट्टा बांधून खांबावर चढत, तपासणीचा फोन चिमट्याने तारेला जोडत आणि कान लावत. कुणाचं तरी बोलणं चालू असे. कुणी भांडत असे, कुणी लाडात आलेलं असे. लाइन चालू आहे एवढं कळलं की लगेच तारेवरचा चिमटा काढायचा, हा त्यांचा नियम. घरी आल्यावर बायको मुद्दाम विचारी, “आज काय ऐकलंत?”

“घंटी,” ते म्हणत.

“गावभरच्या गोष्टी पोटात ठेवणारा माणूस माझ्याच वाट्याला यावा,” म्हणून ती हसे.

संगणक घरात आला तो मुलीमुळे. लग्न होऊन ती दूर देशी गेली, जाताना आपला संगणक आईवडिलांना ठेवून गेली. दर रविवारी पडद्यावर तिचा चेहरा दिसे. एरवी लाइनमन त्या यंत्राच्या वाटेला जात नसत. बायकोचं मात्र त्याच्याशी चांगलं जमलं. दुपारची आवराआवर झाली की ती चष्मा लावून समोर बसे. ते आरामखुर्चीत पेंगता पेंगता विचारत, “काय बघतेस गं एवढं?”

“काही नाही. असंच.”

त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नाही.

मग एका थंडीत तिचा ताप छातीत उतरला आणि ती गेली. मुलगी आली, राहिली, परत गेली. घर खायला उठलं. वेळ जाईना म्हणून लाइनमन संगणकावर बातम्या वाचू लागले. एका सकाळी बातमीच्या कडेला त्यांना एक सायकल दिसली. हिरवी, बायकांची, पुढे वेताची टोपली असलेली. खाली लिहिलं होतं, ‘तुम्ही पाहिलेली सायकल अजून शिल्लक आहे. घ्यायची ना?’

आपण कधी सायकल पाहिली, ते त्यांना आठवेना. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. या यंत्राला हात लावणारं घरात दुसरं होतं कोण?

दुसऱ्या दिवशी तीच सायकल. मग सायकलीचं शिरस्त्राण, मग हातमोजे, मग ‘पन्नाशीनंतर सायकल शिका, पडायची भीती सोडा’ अशी शिकवणीची जाहिरात. लाइनमन प्रत्येक जाहिरात दाबून बघत. इतकी वर्षं ताटाला ताट लावून जेवलो, आणि हिला सायकल हवी होती हे आपल्याला एका जाहिरातीकडून कळावं, हे त्यांना लागलं. पण ते रोज त्या सायकलीची वाटही पाहू लागले. नातेवाइकांनी बायकोचं नाव काढणं सोडलं होतं. ‘घ्यायची ना?’ असं तिला अजून विचारणारं तेवढंच एक उरलं होतं.

एके दिवशी सायकल आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. लाइनमन कासावीस झाले. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उघडली: ‘तुमच्या आवडीच्या जाहिराती पुन्हा दाखवू. अगदी मोफत.’ त्यांनी ‘हो’ दाबलं.

सायकल परत आली, पण एकटी आली नाही. पानं आपोआप उघडू लागली, पडद्याच्या माथ्यावर एक अनोळखी पट्टी येऊन बसली, यंत्र गोगलगाय झालं. रविवारी मुलीचा चेहरा अर्ध्या वाक्यावर गोठला. आणि तिचा फोन बंद झाल्यावरही कॅमेऱ्याचा दिवा चालूच राहिला.

त्यांनी मुलीला साध्या फोनवर हे सांगितलं तेव्हा ती गंभीर झाली. “बाबा, कुणीतरी हेरगिरीचा प्रोग्रॅम आत घातलाय. आधी त्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावा. साफ करायची मोफत साधनं मिळतात, पण तुम्ही एकटे काही करू नका. मावशीला बोलवा.”

मावशी म्हणजे लाइनमनची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. सार्वजनिक वाचनालयातले संगणक तिच्या ताब्यात होते. ती येईपर्यंत लाइनमननी शोधून पाहिलं, तर मोफत साधनांचा बाजारच भरलेला. एक पान तर लालभडक होऊन ओरडत होतं, ‘तुमच्या संगणकात शेकडो धोके! आत्ता दाबा!’

मेहुणीने खांद्यावरची पिशवीही न उतरवता विचारलं, “भावजी, दाबलंत का काही?”

“नाही. बघत बसलो होतो.”

“वाचलात. आत न शिरताच धोके मोजणारा हा कुठला वैद्य? नाडी न बघता औषध देणारा. हे बंद करा.” ती शेजारी बसली. “हे दुसरं बघा. शोधतं फुकट, पण काढायचं म्हटलं की पैसे मागतं. म्हणजे फुकट नाहीच. हे तिसरं कुणी बनवलंय त्याचाच पत्ता नाही.”

“मग घ्यायचं कुठलं? दोन-तीन एकदमच आत टाकू या.”

“एका दारावर दोन पहारेकरी ठेवले तर ते एकमेकांनाच धरतात. संगणकाबरोबर आलेला एक पहारेकरी आहे, पडद्याच्या माथ्यावर बसलेल्या त्या पट्टीने त्याला झोपवलंय. त्याला उठवू. आणि हे एक साधन, आम्ही वाचनालयात वापरतो ते. हे कायम जागं राहत नाही, सांगितलं की झाडू मारतं. मात्र आणायचं ते बनवणाऱ्याच्याच पानावरून, भलत्या दुकानातून नाही.”

साधन संगणकात उतरलं, कामाला लागलं. दोघांनी चहा घेतला. मग पडद्यावर सापडलेल्या गोष्टी उमटल्या. माथ्यावरची ती पट्टी होती, कॅमेरा चालू करणारा प्रोग्रॅम होता, आणि खाली, कुणी काय पाहिलं याचा जाहिरातींसाठी माग ठेवणाऱ्या बारीक बारीक नोंदी होत्या. प्रत्येकीपुढे बरोबरची खूण.

“काढू सगळं?” मेहुणीने विचारलं.

लाइनमन पडद्यापाशी वाकले. मग म्हणाले, “त्या खालच्यांतली एक ठेवता येईल का?”

“खूण पुसली की राहते. पण कुठली? आणि कशाला?”

त्यांनी सांगितलं. सांगताना ते खिडकीकडे पाहत होते. मेहुणीने माऊसवरचा हात मागे घेतला.

“हिरवी होती?” तिने विचारलं.

“हो.”

“आमच्याकडे होती तशी. एकच होती. बाबा म्हणाले, दोघी शिका. पहिल्याच दिवशी ताई पडली, गुडघा फुटला. मग मीच चालवत सुटले. ती पायरीवर बसून बघायची. ‘तू चालव, मी उद्या शिकते,’ म्हणायची. माझ्याही मनात कधी आलं नाही की तिची पाळी राहिली.”

“मला कधी बोलली नाही.”

“मलाही नाही, भावजी. हसाल असं वाटलं असेल.”

“हसलोच असतो,” लाइनमन म्हणाले. “आणि मग मागून सायकल धरून पळालो असतो.”

दोघांनी त्या नोंदी वरून खालपर्यंत वाचल्या. त्यातली कुठली सायकलवाल्याची, हे नावांवरून कळण्यासारखं नव्हतं. शेवटी लाइनमनच म्हणाले, “काढ. कुणी तरी तिच्या मागे कान लावून बसलंय, आणि मी त्याच्या आडून ऐकतोय. हे तिला आवडलं नसतं.”

मेहुणीने बटण दाबलं नाही. माऊस त्यांच्याकडे सरकवला. ते त्यांनीच दाबलं.

पुढच्या रविवारी मुलगी स्वच्छ दिसली, आवाज तुटला नाही. लाइनमननी तिला सायकलीचं सांगितलं. ती म्हणाली, “मी इथे सायकलने फिरते ना, तर आई मला विचारायची, वळताना भीती वाटते का गं? मला वाटायचं, माझी काळजी करतेय.” त्या रविवारी कुणी लवकर फोन ठेवला नाही.

आता बातम्यांच्या कडेला पंखे येतात, चपला येतात, कुणासाठीही असतात तशा वस्तू. मेहुणीने सांगितल्याप्रमाणे लाइनमन आठवड्याला एकदा झाडू मारतात. साधन कोपरान् कोपरा धुंडाळतं. लाइनमन खुर्ची पुढे ओढून बसतात, चष्मा पुसतात आणि शेवटची ओळ यायची वाट बघतात. ‘काहीही सापडलं नाही,’ असं ते साधन सांगतं. ते मान हलवतात, आणि पडदा बंद करायला त्यांना थोडा वेळ लागतो.