पाण्याच्या रकान्यात धारवाड नापास

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचे भाडेकरू गेल्या महिन्यात गेले आणि प्रश्न उभा राहिला: नवे भाडेकरू ठेवायचे, की आपणच परत जायचं? नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही धारवाडला, मळमड्डीत आलो होतो. आता तो निवृत्त झाला, म्हणजे इथे राहायचं कारण उरलं नव्हतं. ‘‘तू ठरव, मला दोन्हीकडे झोप लागते,’’ म्हणून त्याने पेपर उघडला.

मी कागद घेऊन दोन रकाने आखले. भाजी, रिक्षा, घरकामाच्या बाई, डॉक्टरांची फी, सगळ्यात धारवाड स्वस्त. पुण्यात एका बँकेच्या कामात अर्धा दिवस जायचा. इथे बँक, पोस्ट, गिरणी उरकून मी पोळ्यांच्या वेळेला घरी असते. पण नाटकं, मोठी हॉस्पिटलं आणि मैत्रिणी पुण्यात. शिवाय पाणी. आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांनी एकदा येतं, कधी पहाटे, कधी भर दुपारी. त्या दिवशी घरी कोणीतरी असावंच लागतं. या एका ओळीने पुणं पुढे गेलं. फ्लॅट बघणाऱ्या पुण्याच्या एजंटला मी शुक्रवारी किल्ली घ्यायला येते म्हणून कळवलं.

त्याआधीच्या शनिवारी आम्ही दोघं हुबळीला, उणकलला एका वास्तुशांतीला गेलो होतो. पाणी रविवारी येणार होतं, ते शनिवारीच येऊन गेलं. घरी पोचलो तर नळ कोरडा. आता टँकर, असं म्हणत गच्चीवर गेले, तर टाकी काठोकाठ. शेजारच्या अक्कांनी भिंतीवरून पाइप टाकून आमची टाकी भरली होती.

मी पुण्याच्या सवयीने पेढे घेऊन गेले, आणि त्यांच्या मोटरच्या विजेचे पैसे पाकिटात घालून.

पाकीट बघून अक्कांनी चष्मा वर सरकवला. ‘‘पुण्यात पाणी पाजायचे पैसे घेतात काय गं?’’

‘‘तसं नाही अक्का, तुमची मोटर एवढा वेळ चालली.’’

‘‘मोटर चालली की. मी खुर्चीत बसलेले.’’ पेढे ठेवून घेत त्यांनी पाकीट माझ्या हातात कोंबलं. ‘‘शुक्रवारी आम्ही बेळगावला लग्नाला चाललोय, आणि पाणी तेव्हाच सुटणार. आमची टाकी तू बघ. कोपऱ्यावरच्या मास्तरांचीही बघ, त्यांना जिना चढवत नाही. कधीचं तुला सांगणार होते. पण तू सदा पाहुण्यासारखी, येतीस नि जातीस.’’

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, ‘‘शुक्रवारी पुणं रद्द. दोन टाक्या आहेत.’’

‘‘तीन. आपली कोण भरणार?’’

‘‘तू.’’

‘‘मग त्याच्या पुढच्या आठवड्यात जायचं पुण्याला?’’

तेव्हाही पाणी असणार, आणि मास्तरांचा जिना तेवढाच उंच असणार. मी एजंटला फोन करून नवे भाडेकरू बघायला सांगितलं, शक्यतो लांब मुदतीचे. मग मोजायची टेप घेऊन मास्तरांकडे गेले. त्यांचा पाइप गच्चीपर्यंत पुरत नाही. एक जोड आणावा लागेल.