खिडकी उघडायची वेळ

आमच्या धुळ्याच्या घरात उन्हाळ्यात खिडक्यांचा एक कायदा असतो आणि तो माझ्या सासऱ्यांनी केलेला आहे. आम्ही त्यांना नाना म्हणतो. सकाळची भांडी घासून झाली की सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरच्या वाळ्यावर पाणी. मग ऊन उतरेपर्यंत कोणी कडीला हात लावायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, काय माणसं आहेत ही! भरदुपारी अंधार करून बसतात आणि त्या अंधारात मजेत शेवभाजी खातात.

माझं माहेर अलिबागच्या पुढचं, अगदी समुद्रकाठचं. तिथे सगळा उलटा कारभार. सकाळी हवा कोंडलेली, झाडाचं पान हलत नाही, अंगाला चिकचिक. आणि मग जेवणाच्या थोडं आधी माडांच्या झावळ्या सळसळायला लागतात. आई हातातलं काम टाकून म्हणायची, "वारा फिरला गो," आणि पश्चिमेची खिडकी सताड उघडायची. त्यानंतर कितीही ऊन असो, घरात बसवायचं. शाळेत मी ह्याचंच उत्तर लिहिलं होतं. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा येते, हे खारे वारे. रात्री उलट, ते मतलई. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. त्या गुणांचा पुढे धुळ्यात काडीचा उपयोग झाला नाही.

वडील गेल्यावर आई एकटी पडली. मी एकुलती एक. ती विहिरीवर पाय घसरून पडली, मनगट मोडलं, आणि ते शेजारच्या वहिनींनी मला चार दिवसांनी कळवलं. आईनेच सांगितलं होतं म्हणे, उगाच पोरीला घोर नको. मी इतकी चिडले की दुसऱ्याच दिवशी जाऊन तिला उचलून धुळ्याला आणलं. एप्रिल संपत आला होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हा उन्हाळा निभावला की आई कायमची माझ्याकडे. एक उन्हाळा तर काढायचा, त्यात काय एवढं!

सुरुवातीला तर ती खूशच होती. गच्चीवर आम्ही बिबडे घातले, ज्वारीचे ते मोठे पापड, तर ती तिथेच बसून राहिली. "अगो, दुपारपर्यंत कडकडीत! आमच्याकडे पापड चार दिवस ऊन खातात आणि पाचव्या दिवशी परत मऊ पडतात." लुगडं दोरीवर टाकून खाली येईपर्यंत वाळतं, ह्याचंही तिला फार कौतुक. आणि सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे, "मला इथे घामच येत नाही. तुम्ही उगाच उन्हाळा उन्हाळा करता."

इथेच सगळी फसगत झाली. तिच्या हिशेबात गरमी म्हणजे घाम. घाम आला की पाणी प्यायचं, पदराने वारा घ्यायचा, बसायचं. घाम नाही म्हणजे गरम नाही. इथे घाम येतो, पण तो दिसायच्या आत हवा पिऊन टाकते, हे तिला कोण सांगणार? मी सांगितलं. नानांनी सांगितलं. ती हसून म्हणायची, "असू दे."

नाना तिच्यापुढे पन्ह्याचा पेला ठेवायचे, कांदा जवळ बाळगा म्हणायचे. ती म्हणायची, "व्याही, कांदा आमटीत असतो." नानांना तिचं बोलणं आवडायचं, पण खिडकीच्या बाबतीत ते ऐकणारे नव्हते. कारण आई रोज जेवणाच्या आधी उठायची आणि पश्चिमेच्या खिडकीशी जायची. कुणी सांगायला नको, घड्याळ बघायला नको. पाय आपोआप तिकडे वळायचे. नाना खाटेवरून ओरडायचे, "विहीणबाई, उघाडू नका!" आणि ती चोरी पकडल्यासारखी हात मागे घ्यायची.

एकदा तिने त्यांना सरळ विचारलं, "वारा पश्चिमेकडूनच येतो ना इथेही?"

"हा."

"मग तो समुद्रावरूनच आला असणार. पश्चिमेला दुसरं आहे काय?"

शिरपूरच्या शेतातला कापूस पिकअपमध्ये भरून नानांनी कितीतरी वर्षं सुरतेला नेला होता, तो रस्ता त्यांच्या पायाखालचा. जरा विचार करून म्हणाले, "वारं सुरतनं थंडगार निंघस. नवापूरले कोमट व्हस, साक्रीले तापस, आनि आठे येता येता आग व्हई जास."

आईला कळलं नाही म्हणून मी मराठीत सांगितलं, निघताना गार असतो, वाटेत जमीन त्याला तापवत आणते. आई म्हणाली, "म्हणजे तोच ना पण?"

मी शाळेतलं उत्तर आठवून बघितलं. खारे वारे किनाऱ्यापासून किती आत जातात हे मला कुणी विचारलंच नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "तो वेगळा, हा वेगळा." कसा वेगळा? तर म्हणे, "वेगळा म्हणजे वेगळा." उपकार झाले.

मग ती मे महिन्यातली लाट आली. मोबाईलवर धुळे चव्वेचाळीस, माहेर चौतीस. दहा अंशांचा फरक बघून मी स्वतःलाच समजवायचे, आठवडाभराचा प्रश्न आहे. त्या दुपारी वीज गेली आणि कूलर बंद पडला. नाना पोटावर ओला पंचा टाकून झोपले होते. मी स्वयंपाकघरात होते. आई कधी उठली, मला कळलं नाही. मी बाहेरच्या खोलीत आले तर लखलखीत उजेड! पश्चिमेची खिडकी सताड उघडी, भट्टीचं दार उघडावं तशी झळ आत येत होती, आणि आई खिडकीसमोर खुर्ची टाकून, डोळे मिटून, चेहरा वर करून बसली होती.

"आई!"

"वारा आलाय गो," ती म्हणाली. "बस जरा."

तिच्या कपाळाला हात लावला आणि मी घाबरून ओरडलेच. कपाळ तापलेलं आणि कोरडं ठणठणीत. ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारायला लागली. नाना धडपडत उठले, खिडकी आपटून बंद केली, माठ तिच्या अंगावर उपडा केला. मी नुसती रडत उभी होते. "रडू नको वं माय, रिक्शा बलाव," नाना ओरडले तेव्हा मला हातपाय आहेत हे आठवलं.

दवाखान्यात बाटल्या लावल्या, ती सावरली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या, ह्यांना इथली हवा मानवायची नाही. बिछान्यावर पडल्या पडल्या आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मला माझ्या वाऱ्याकडे ने." मला रागही आला आणि लाजही वाटली. कसला राग ते मला आजही सांगता यायचं नाही. तिचा हट्ट होता म्हणावं तर तिने मागितलं काय, एक खिडकी.

तिला पोचवायला मीच गेले. आणि माझी तिथे काय गत व्हावी! चौतीस अंशांत मला श्वास घेता येईना. सकाळी उठले तर अंग चिकट, डोकं जड, केस मानेला चिकटलेले, घाम पुसावा तर वाळायचं नाव नाही. धुळ्याच्या चव्वेचाळीसमध्ये मी अख्ख्या घराचा स्वयंपाक करते आणि इथे, जिथे मी जन्मले, तिथे मी पायरीवर बसून होते मलूल. मग मला सांगा, आकडा खरा की अंग खरं? आई हसत म्हणाली, "थांब, फिरेल आता." आणि फिरलाच तो. झावळ्या हलल्या, आईने खिडकी उघडली, आणि मी उठून चटकन ती बंद केली.

"झालीस की गो तू तिकडची," आई म्हणाली. ती चेष्टेने म्हणाली, पण मला ते लागलं. परतीच्या गाडीत धुळ्याच्या अलीकडचे डोंगर दिसले आणि गरम वारा तोंडावर आला तेव्हा मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून मग रडू आलं. असं सगळं माझं त्रांगडं.

त्यानंतर आमचा एक नेम ठरला. दुपारी मी फोन करायचा. वहिनींकडून औषधं घेतली का, पाणी प्यायलीस का, हे आधी. मग मी विचारायचं, "वारा आला का?" ती म्हणायची, "हा काय, ऐक," आणि फोन खिडकीशी धरायची. इकडे आमच्या बंद अंधाऱ्या खोलीत फोन मोठ्या आवाजावर ठेवला की तो झावळ्यांचा आवाज कूलरच्या घरघरीतूनही ऐकू यायचा. नाना खाटेवर पडून ऐकायचे. एक दिवस मी विसरले तर तेच म्हणाले, "आज वारं नही का?"

आणि मग ह्या वर्षीचा मार्च. मार्चमध्ये इकडे तापायला लागतं, त्यात नवल नाही. पण त्या दिवशी मोबाईल उघडला तर माहेर एकोणचाळीस! मला वाटलं, चुकून धुळ्याचंच उघडलं. परत बघितलं. मार्चमध्ये, समुद्रकाठी, एकोणचाळीस. टीव्हीवर सांगत होते की जमिनीवरून पूर्वेचे कोरडे वारे जोरात वाहताहेत, त्यांनी समुद्राकडचा वारा अडवून धरलाय, तो उशिरा येईल. पूर्वेचे म्हणजे कुठले? आमचेच की! इकडून तिकडे गेलेले. माझं डोकंच चालेना.

फोन केला. "वारा आला का?"

"नाही गो अजून," आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "आज काय झालंय कळत नाही. जेवणवेळ टळून गेली."

"घाम येतोय का तुला?"

"नाही. आज अंग अगदी कोरडं आहे. बरं आहे त्यापेक्षा."

"आई, ऐक. पहिल्यांदा पाणी पी. आणि सगळ्या खिडक्या बंद कर. लगेच. पडदा ओला करून टाक. तो तुझा वारा नाही, आमचा आहे. आमच्याकडचा आलाय तिकडे. ऐकतेस का?"

"पाणी पिते. खिडकी नको बंद करायला."

"आई! धुळ्यात काय झालं होतं विसरलीस?"

"बंद केली तर तो आलेला कळणार कसा मला?"

नाना उठून बसले होते. ते फोनकडे तोंड करून जोरात म्हणाले, "विहीणबाई, समुद्राची एक ठेवा, बाकीच्या बंद करा! आणि डोक्यावर ओलं फडकं!" आईने त्यांचं ऐकलं. माझं नाही, त्यांचं. खिडक्या लावल्याचे आवाज आले. वहिनींना मी नवऱ्याच्या फोनवरून लावलं, त्या धावत आल्या, आईपाशी बसल्या, लिंबूपाणी केलं. मी माझा फोन ठेवला नाही. आम्ही सगळे नुसते बसून राहिलो होतो.

ऊन कलायला लागल्यावर कधीतरी फोनमध्ये खरखर झाली. मला वाटलं लाईन गेली. मग ती खरखर वाढली आणि वहिनी म्हणाल्या, "आला, आला." आणि आईचा आवाज आला, दमलेला, पण तिचा नेहमीचा.

"फिरला गो वारा. जोरात आहे हां आज. तुझ्याकडे पोचेल आता. खिडकी उघड."

तिला माहीत नव्हतं असं नाही. तिने दवाखान्यात बाटल्या लावून घेतल्या होत्या त्या ह्याच खिडकीपायी. मी उठून पश्चिमेच्या खिडकीपर्यंत गेले आणि नानांकडे बघितलं. आता ओरडतील. ते म्हणाले, "उघाड वं माय. जराशी."

कडी काढली. झळ आली, डोळ्यांत धूळ गेली. समोरच्या गच्चीवरचे बिबडे वाळून वाजत होते.

"आला का गो?" आईने विचारलं.

"आला," मी म्हटलं. "पोचला, आई."