खोली सोडू का?

आमच्या ऑफिसात एक घंटी होती. लॉजच्या काउंटरवर असते तसली, वरून टपली मारली की टिंग करणारी. औरंगपुऱ्यात एका कापडदुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, लोकांना बँकेकडून घरासाठी कर्ज मिळवून देणाऱ्या एजन्सीत मी शिकाऊ म्हणून लागले. पहिल्या दिवशी मला कुणी व्याजदर शिकवला नाही की फॉर्म शिकवला नाही. आधी घंटी शिकवली.

रोज सकाळी तासभर सराव. मधोमध तीन खुर्च्या. एकीवर गिऱ्हाईक, एकीवर सल्लागार, एकीवर बँकेचा माणूस. आम्ही चार शिकाऊ आळीपाळीनं त्या खुर्च्यांवर बसायचो आणि शिकवणारे सर घंटीवर पंजा ठेवून ऐकायचे. कुणी 'नाही' म्हटलं की टिंग. 'अडचण' म्हटलं की टिंग. पहिल्या आठवड्यात माझ्या वाट्याला इतके टिंग आले की खालचा कापडवाला वर येऊन विचारून गेला, शाळा काढली का म्हणून.

त्याला कारण होतं. कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. नळाला पाणी कधी येणार, एवढा एकच प्रश्न घेऊन आम्ही पोरं-पोरी महापालिकेच्या पायऱ्यांवर बसायचो. साहेब बाहेर येऊन म्हणायचे, विषय विचाराधीन आहे. माझं डोकं फिरायचं. 'साध्या प्रश्नाला साधं उत्तर द्या, नाहीतर खुर्ची सोडा,' हे वाक्य मी इतक्या पत्रकांवर छापलंय की झोपेतही म्हणेन. आणि अशी मी पोटापाण्यासाठी या खुर्चीवर येऊन बसले.

"बाई," सर पहिल्याच सरावात म्हणाले, "तू क्लायंटशी बोलतीयेस का मोर्चात घोषणा देतीयेस? 'तुमचं कर्ज होणार नाही.' असं तोंडावर फेकून मारतं का कुणी?"

"होणारच नसेल तर?"

"तर म्हणायचं, पर्याय बघूया. नाही म्हटलं की माणूस उठतो अन् समोरच्या एजन्सीत जातो. फाईल गेली. समझी क्या?"

मला राग आला. पण महिनाभरात मी तयार झाले, हे लिहायला लाज वाटते. पत्रक लिहिणाऱ्याला शब्द फिरवायचे कसे ते कळतंच. आवाज खाली आणायचा, समोरच्याचं वाक्य आधी त्यालाच परत ऐकवायचं, मग 'समजू शकते' म्हणायचं. सलग तीन दिवस माझ्यावर घंटी वाजली नाही. बाकीचे तिघं जळायला लागले.

चौथ्या दिवशी सर म्हणाले, आज खरा फोन घ्यायचा, स्पीकरवर, सगळ्यांसमोर.

फोन मुकुंदवाडीतल्या एका बाईचा होता. तिचा नवरा शेंद्र्याच्या कंपनीत कामाला, ती घरी ब्लाऊज शिवायची. दोघं एका खोलीत भाड्यानं राहत होती आणि शहराच्या कडेला एक छोटं तयार घर घेणार होती. घर गुंठेवारीच्या प्लॉटवर होतं, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या जागेवर. असा प्लॉट महापालिकेकडून नियमित करून घेतला नसेल तर बँक हात लावत नाही. यांचा नव्हता. बँकेच्या वकिलाचा तसा शेरा त्याच सकाळी आला होता. त्याचा कागद मीच पंच करून त्यांच्या फाईलमध्ये लावला होता. तासभरही झाला नव्हता त्याला.

"मॅडम, एकच इचारायचं होतं," बाई म्हणाली. "घरमालक लई मागं लागलाय. त्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक आलंय. महिनाअखेर खोली सोडतो म्हणून सांगू का त्याला? आमचं तवर होईल ना?"

सरांचा पंजा घंटीवर. तिघं माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी म्हटलं, "समजू शकते ताई, घरमालकाला काहीतरी सांगावंच लागणार तुम्हाला. फाईल छान चाललीय आपली. सांगा की, सोडतो म्हणून."

"सांगू ना? नक्की?"

"सांगा."

घंटी वाजली नाही. फोन ठेवल्यावर एकानं टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "देखो, याला म्हणतात कम्युनिकेशन."

घंटीला घाबरून मी असं बोलले, असं सांगता आलं असतं. ते खोटं ठरेल. मला त्या टाळ्या हव्या होत्या. फाईल टेबलावर होती, कागद वरच होता, आणि मला तिच्या प्रश्नापेक्षा माझा आवाज जास्त चांगला ऐकू येत होता.

पंधरा दिवसांनी बँकेनं फाईल अडवली. सर त्या बाईच्या नवऱ्याला फोनवर म्हणाले, थोडा वेळ लागतोय. दुसऱ्या दिवशी तो कंपनीतून सुट्टी टाकून आला. सडपातळ, शांत माणूस. मी त्याला पाणी नेऊन दिलं.

"साहेब, खोली गेली ना आमची," तो म्हणाला. "तुमच्या हापिसातून सोडा म्हणून सांगितलं, असं आमची मंडळी म्हणती."

सरांना सगळं माहीत होतं. ते पुढं वाकले, आवाज मऊ केला. "समजू शकतो मी. पण दादा, आमच्याकडून असा सल्ला कुणीच देत नाही. वहिनींचा काहीतरी गैरसमज झाला असेल. फोनवर होतं असं."

त्यानं ग्लास टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "असंल. तिला फोनवरचं नीट समजत नाय कधी कधी."

मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. पुढ्यात कुणाचा तरी फॉर्म होता, त्यात मी पिनकोड भरत होते. एकेक आकडा, एकेका चौकटीत. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी सरावाला तोच प्रसंग घेतला. नाराज क्लायंट कसा हाताळायचा. मला क्लायंटची खुर्ची दिली.

"पण आम्हाला तसं सांगितलं होतं," मी म्हणायचं होतं. म्हटलं.

समोरची मुलगी गोड हसली. "समजू शकते मॅडम. तुमचा काहीतरी गैरसमज झाला असेल."

मला पुढचं वाक्य सुचेना. खरंच सुचेना. त्या खुर्चीवर बसून त्या वाक्याला उत्तरच नाही.

संध्याकाळी मी मुकुंदवाडीला गेले. पत्ता फाईलमध्ये होता. गल्लीच्या तोंडाशी मी काय बोलायचं ते जुळवत उभी राहिले, तर पहिलाच शब्द आला 'समजू शकते'. स्वतःची शिसारी आली.

खोलीबाहेर नव्या भाडेकरूंचा कूलर येऊन पडला होता. आत पोती, दोरी, गुंडाळलेली गादी. शिलाई मशीन तेवढी अजून खिडकीजवळ. बाई माझ्यापेक्षा फार मोठी नसावी. मला ओळखेना. आवाज ऐकल्यावर ओळखलं.

"तुम्ही त्या फोनवाल्या मॅडम."

"हो. ताई, तुमचं कर्ज आत्ता होणार नाही. त्या प्लॉटला बँक हात लावणार नाही. आणि हे मला माहीत होतं."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तुमचा फोन यायच्या आधी."

"आधी?"

"आधी."

मला वाटलं, आता ती शिव्या देईल. मी तयारीनं गेले होते. ती मशीनच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे म्या बरोबर ऐकलं होतं."

"काय?"

"सोडा म्हणल्या तुम्ही, ते. हे कालपासून म्हणतेत, तू भलतंच ऐकलंस. हापिसातली शिकलेली बाई असं कशाला म्हणंल? सासूला पैठणला फोन करून सांगितलं, हिच्या येडेपणामुळं घर गेलं. रातभर म्या आठवून बघितलं. मलाबी वाटाय लागलं, म्हणल्याच नसतील."

खोली गेली होती, ती मी परत आणू शकत नव्हते. पण तिचा स्वतःच्या कानांवरचा भरवसाही मी घेऊन गेले होते, ते मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. विनंती नव्हती ती. "हे येऊस्तोवर बसा. ह्यांच्यासमोर सांगा."

कंपनीची बस सातला आली. तो गळ्यातलं ओळखपत्र काढत आत आला आणि मला बघून दारातच थांबला.

मी सांगितलं. एका दमात, एकही गोल शब्द न वापरता.

"काल तुम्ही तिथंच होता की," तो म्हणाला. "पाणी दिलं मला."

"हो."

"अन् तुमचे साहेब बोलत होते तवा?"

"तेव्हाही."

त्यानं बायकोकडं बघितलं नाही. बायकोनं मात्र त्याच्यावरची नजर काढली नाही. "आईला लावा फोन," ती म्हणाली.

"आता?"

"आता. घर गेल्याचं सांगताना थांबला होता का?"

त्यानं लावला. इकडचं तिकडचं बोलला. मग खाली बघत म्हणाला, "आई, ते हिनं बरोबरच ऐकलं होतं बरं का." बाईनं हात पुढं करून फोन घेतला आणि माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

तिसऱ्यांदा सांगितलं मी. पलीकडं म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "मग ही दोघं लेकरं ऱ्हाणार कुठं आता?"

म्हातारीचा आवाज खोलीभर ऐकू आला. बाईनं माझ्या हातून फोन काढून घेतला, "बघतो आम्ही, ठेवा आत्याबाई" म्हणाली आणि फळीवरची भांडी पोत्यात भरायला लागली. थोड्या वेळानं नवरा उठला आणि वरची भांडी काढून एकेक तिच्या हातात देऊ लागला. मी चपला घातल्या. कुणी बसा म्हटलं नाही.