एस्तरकाकूची अर्धी राहिलेली साक्ष

मी भर उपासनेत एका म्हातारीचा माईक बंद केला होता.

आज ती जाऊन वर्ष झालं. आजवर कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

एस्तरकाकू. नेवाशाजवळच्या आमच्या गावातली. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे छोटे कप तीच धुवायची, टेबलावरचं पांढरं कापड तीच इस्त्री करून आणायची. संडे स्कूलमध्ये आम्हाला हात जोडायला तिनेच शिकवलं. एक डोळा उघडा ठेवला की टपली.

"मीट डोळं. देव काय पळून जात न्हाई."

मी आता मंडळीचा सेक्रेटरी. राहतो केडगावला, पण रविवारी गावच्या चर्चमध्ये हजर. शास्त्र कोण वाचणार, प्रार्थना कोण करणार, लाईव्ह कधी सुरू करायचं, सगळं माझ्याकडे. माईकचा मिक्सरसुद्धा.

लोक म्हणतात, "तुझ्यामुळं चाललंय सगळं." मलाही तसंच वाटायचं.

त्या दिवशी उपकारस्तुतीची सभा होती. चर्च भरलेलं. पुण्याचे पाहुणे पहिल्या बाकावर. साक्षीची वेळ आली. म्हणजे एकेकाने उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाच्या मुलीला नोकरी लागली. प्रत्येक साक्षीनंतर जोरात हालेलूया.

मग काकू उठली. पदर सावरला, माईक दोन्ही हातांनी धरला.

"मी स्तुती करायला उठले न्हाई. माजं देवावरचं प्रेम आटलंय. येते, गानी म्हनते, कप धुते. पन आत काय हलत न्हाई. आदी गुडघ्यावर बसले की रडू यायचं. आता नुसतं गुडघं दुखत्यात."

दोघं-तिघं हसले. काकू हसली नाही.

"म्हून मला तुमाला..."

मी तिच्या माईकचा आवाज खाली ओढला.

काकूच्या सूनबाई, रेखावहिनी, पेटीवर बसल्या होत्या. त्यांना हाताने खूण केली. गाणं सुरू झालं.

काकूचे ओठ अजून हलत होते. मग ती खाली बसली.

घरी येऊन रेकॉर्डिंगमधून तेवढा भाग कापूनही टाकला.

त्याआधी, उपासना संपल्यावर, काकू मागच्या खोलीत कप धूत होती, तेव्हा मी वर तिलाच सुनावलं.

"काकू, अशी साक्ष देतात का? नवीन लोक बसलेत. काय म्हणतील?"

"मग खोटी देऊ व्हय?"

मी घड्याळात बघितलं.

"पुरं तरी बोलू द्यायचं हुतंस, बाळा."

"देतो की वेळ. पुढच्या महिन्यात."

दिला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. काकू बाकावरून माझ्याकडे बघायची आणि मी कागदात डोकं घालायचो.

खरं सांगू? पाहुणे हे निमित्त होतं. ती माझंच सांगत होती.

माझं बायबल रविवार ते रविवार चर्चच्या कपाटात असतं. घरी नेतच नाही. एकट्याने शेवटची प्रार्थना कधी केली, आठवत नाही. चारचौघांत मात्र दहा मिनिटं न अडखळता करतो.

कॉलेजात असताना सायकल चालवत येशूशी मोठमोठ्याने बोलायचो. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. त्या वेड्या मुलाची मला फार आठवण येते.

काकू आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली.

अंत्यविधीला मीच बोललो. "शेवटच्या श्वासापर्यंत विश्वासात अढळ." सगळे आमेन म्हणाले. वहिनी माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

आज तिच्या घरी स्मरणाची प्रार्थना होती. मी मुद्दाम लवकर गेलो. वहिनी सतरंज्या घालत होत्या.

"वहिनी, त्या दिवशी काकूला पुढे काय म्हणायचं होतं?"

"काय मोठं न्हाई, भाऊजी. माज्यासाठी प्रार्थना करा, एवढंच म्हननार हुत्या आत्या. घरून ठरवून आल्त्या. लई भीत हुत्या."

एवढंच.

सगळी मंडळी समोर बसली होती. तिने मागितली असती तर जागच्या जागी केली असती. मी गाणं लावलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. रोज दुपारी चर्चात जाऊन शेवटच्या बाकावर एकट्याच बसायच्या. प्रभू, मला परत तुजी ओढ लाव, एवढंच म्हनायच्या. एकदा येऊन म्हनल्या, रेखा, आज जरा आलं बग. दुसऱ्या दिवशी इचारलं तर म्हनल्या, आज न्हाई."

"शेवटी आलं का?"

"मला न्हाई ठाव. पन जायच्या थांबल्या न्हाईत."

लोक जमले, वहिनी पेटीवर बसल्या. पाळकसाहेबांनी वचन वाचलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "सेक्रेटरी, आम्हाला प्रार्थनेत चालवा."

मी उभा राहिलो. पाठ झालेली प्रार्थना तोंडाशी आली, अगदी आमेनपर्यंत. ती गिळली.

"माझंही आटलंय," मी म्हणालो. "बरीच वर्षं झाली. काकूचा माईक मीच बंद केला होता. माझ्यासाठी प्रार्थना करा."

कुणी हालेलूया म्हणालं नाही. पाळकसाहेबांनी घसा खाकरला आणि पेटीकडे पाहिलं. वहिनींचा हात भात्यावर होता.

आता काय होणार ते मला माहीत होतं. मीच शिकवलं होतं.

वहिनींनी भाता मिटला. कडी लावली. डोळे मिटले.

"प्रभू, भाऊजींना परत तुजी ओढ लाव."

मग एकेक जण माझं नाव घेऊन प्रार्थना करू लागला.

आत काही हललं का? नाही हललं. खोटं कशाला सांगू.

पण येताना चर्चचं कपाट उघडून बायबल घरी आणलंय. आणि काकू, रविवारी सगळे गेले की तुझ्या त्या शेवटच्या बाकावर मी बसणार आहे.

तुला बोलू दिलं नाही, माफ कर.

सलाम, काकू.