पूर्ण एक मिनिट

तीन जुलैला सकाळी देवघरात देवीपुढे मी पाचशे एक रुपयांचा नवस बोलले. हजर होते माझे यजमान आणि सासूबाई. दोन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यास एका वर्षात उरकणाऱ्या वर्गात मी एकोणचाळिसाव्या वर्षी नाव घातलं होतं. तो पार पडावा, एवढंच मागणं. देवी ऐकेल याची खात्री मात्र नव्हती.

अशा वर्गात काय वाढून ठेवलेलं असतं, ते आधी कोणी सांगत नाही. सकाळी चार तास वर्ग, दुपारी यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात वॉर्ड, शनिवारी परीक्षा. माझा रोजचा जप सुटला. पुस्तक म्हणतं, रुग्णाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. खाटा चाळीस, एका पाळीला आम्ही दोघी. बाकीच्या मुली न मोजताच तक्त्यावर वीस लिहीत. वीस म्हणजे ठीक. घरी दुधाच्या पावशेराचाही हिशोब ठेवणारी मी, मीही वीसच लिहू लागले.

त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेली माणसं रोज येत. सात नंबरच्या खाटेवर महागावकडचा एक मजूर होता. त्याचाही श्वास मी वीस लिहिला. दुसऱ्या दिवशी तो वारला.

तिसऱ्या दिवशी त्याच खाटेवर दुसरा मजूर आला. मी वीस लिहिताच शेजारच्या रुग्णाची आई, दारव्ह्याची म्हातारी, म्हणाली, "ओ बाई, त्याच्या छातीकडं पाह्यलं बी नाही, अन् आकडा कुठून आणला? सपनात आलता का?"

लाजेनं मी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि मोजलं. अडतीस. धावत जाऊन सिस्टरांना आणलं. तो वाचला. म्हातारीच्या पाया पडायला गेले, तर मुलाला सुट्टी मिळून ती निघून गेली होती. तिच्या तोंडून देवी बोलली असं मी मानते. वाद घालत नाही. पण ती दोन दिवस उशिरा का बोलली, हे मी देवीला पुष्कळ दिवस विचारलं. मग विचारणं सोडलं. त्या पहिल्या मजुराच्या खाटेपाशी मी उभी होते, देवी नव्हे.

मी पास झाले आणि नवसाचे पैसे घेऊन महागावकडच्या त्या मजुराच्या घरी गेले. त्याच्या बायकोला म्हटलं, "तुमच्या मालकांचा श्वास मी मोजला नव्हता."

"मोजला असता तं वाचले असते का?"

"माहीत नाही."

 तिनं विचारलं, "आता मोजता ना?"

मोजते. तोच आता माझा जप आहे. मोजणं माझं, राखणं देवीचं. त्या म्हातारीचे उपकार फिटायचे नाहीत.

नवसाचे पाचशे एक रुपये त्या मजुराच्या बायकोच्या हातात दिले. तिनं ते मोजले नाहीत.