आनंदाबाईंच्या पाटीवरचा साहेब

आनंदाबाईनं आपला सरगुंड्यांचा धंदा नागपूरच्या एका साहेबाला विकला आणि आता स्वतःच्याच घरात पगारावर बसली, अशी कुजबुज यंदा पिपरी मेघे गावात होती. साहेब कोणी पाहिला नव्हता. गाडीचा रंग मात्र दोघीतिघींना पाठ होता.

बाईच्या हाताला तोड नाही. गव्हाच्या भिजवलेल्या पिठाची बारीक वळी काडीवर गुंडाळून अलगद ओढली की वेटोळ्यांचा नाजूक सरगुंडा तिच्या बोटांतून सुटतो. तो उन्हात वाळवायचा, मग उकडून आंब्याच्या रसात खायचा. हात असा, आणि जीभ विळीसारखी. गल्लीचा रिवाज होता: कोणाकडे पीठ भिजलं की शेजारणी न बोलावता जातात, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. आनंदाबाई सगळ्यांच्या आधी काडी घेऊन हजर. मग काम हातानं आणि त्या घरच्या सुनेचा उद्धार तोंडानं, दोन्ही सोबतच.

नवरा रूपराव गेल्यावर ती ऑर्डरी घेऊ लागली. यंदा सून रूपालीनं दारावर पाटी ठोकली: ‘ए.आर.एस. फूड्स’.

"तीन अक्षरं असली का कंपनी मोठी वाटते, आई."

वाटलीच. एक गृहस्थ प्लॉटचा भाव विचारायला आला, दुसरा पोराला क्लासमध्ये घालायला. आणि गल्लीनं त्या अक्षरांमागे एक साहेब बसवून दिला.

अशात सेवाग्रामच्या एका लग्नाची मोठी ऑर्डर आली. पीठ भिजलं, अंगणात खाटा पडल्या, सासू-सून बसल्या. तिसरी काही येईना. कंपनीत न बोलावता कोण जातं? ऊन चढत चाललं. दिवस मावळायच्या आत वळून झालं नाही तर पीठ आंबणार, आणि भर मांडवात आनंदाबाईचं नाव जाणार.

"फोन करून बोलावू का सगळ्याइले?" रूपालीनं विचारलं.

"बोलावलं तं मजूर येते. शेजारीण नाई येत."

एवढ्यात कळलं की पलीकडच्या कांताकडेही आज सरगुंडेच आहेत. बायका सगळ्या तिकडेच. आनंदाबाईनं पिठावर ओलं फडकं टाकलं, काडी उचलली आणि निघाली.

कांताच्या अंगणात गप्पा एकदम थांबल्या.

"या, मॅनेजर बाई," कांता म्हणाली. "साहेबानं सुट्टी देली का?"

"साहेब असता तं मी तुह्या अंगणात बसली असती का वो?" आनंदाबाईनं खाटेचा कोपरा धरला, वळी घेतली. "अन् हे पीठ कोणं भिजवलं? सुनेनं ना? तरीच."

कोणीतरी फसकन हसली. आनंदाबाईच्या काडीवरून सरगुंडे भराभर सुटत होते.

थोड्या वेळानं कांतानं हळूच विचारलं, "तुमच्याकडेबी पीठ भिजलं हाय म्हणे?"

"हाय."

"मंग इथं काऊन बसल्या?"

"तुह्याकडे पीठ भिजलं म्हून."

कांतानं आपलं उरलेलं पीठ सुनेच्या हवाली केलं, काडी पदराला पुसली आणि उठली. तिच्यामागे बाकीच्याही. दिवस मावळायच्या आत आनंदाबाईच्या खाटा भरल्या. रूपालीच्या पाटीचाही यथेच्छ उद्धार झाला, तो सासूनंच सुरू केला.

नागपूरचा साहेब कधीच नव्हता. ए म्हणजे आनंदाबाई, आर म्हणजे रूपराव, एस म्हणजे सरगुंडे.